मनांगचे चार मुक्काम

पाठीवर दहा-बारा किलो वजनाची सॅक घेऊन सलग आठ दिवस डोंगर चढल्यानंतर नवव्या दिवशी ती उचलायचीच नाही, असे कळल्यावर माणसाला काही काळ काय करावे ते सुचत नाही. सवयीने पहाटे जाग येते. हात अंधारात बुटांच्या नाड्या शोधू लागतात. मग आठवते की आज कोठेही जायचे नाही. पुन्हा पांघरुणात शिरावे, तर झोप उडालेली असते. नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर, मनांग नावाच्या दगडी घरांच्या गावात, २० ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे मी असाच छताच्या लाकडी तुळया मोजत पडलो होतो. शेजारच्या तीन खाटांवर माझे तीन मित्र होते. त्यांतला एक जागा आहे, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होते. पण तो का जागा आहे, हे मात्र दुपारपर्यंत कळले नाही.

आम्ही चौघे सांगलीच्या वसतिगृहातले. पदवी घेऊन बाहेर पडलो आणि नोकरीने चौघांना चार दिशांना नेले. एक इंदूरला स्थिरावला, एक बडोद्याला, एक हुबळीला आणि मी नागपुरास. गेली कित्येक वर्षे आम्ही परस्परांना गावांच्याच नावाने हाक मारतो. बायकामुलांनाही त्याची सवय झाली आहे. भेटी व्हायच्या त्या कोणाच्या मुलीच्या लग्नात किंवा कोणाच्या वडिलांच्या दिवसांना, आणि त्याही अर्ध्या-पाऊण तासाच्या. साठी जवळ येऊ लागली तेव्हा बडोदेकराने पुढाकार घेतला. तो आमच्यातला सर्वांत धडधाकट. दररोज सहा किलोमीटर धावणारा. नकाशे त्याने आणले, गोरखपूरपर्यंतची आणि परतीची आरक्षणे त्याने केली, आणि प्रत्येकाने सॅकमध्ये काय घ्यावे याची दोन पानी यादीही त्यानेच धाडली. त्या यादीत एक नोंद होती : ‘दिवाळीचा फराळ, प्रत्येकी अर्धा किलो.’ त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला येत होते, आणि आमची दिवाळी डोंगरातच व्हायची होती.

बेसीसहरपासून चालण्यास सुरुवात केली तेव्हा आम्ही समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेआठशे मीटर उंचीवर होतो. भाताची खाचरे, केळीची झाडे, अंगातून निथळणारा घाम. मर्स्यांगदी नदीच्या काठाकाठाने वाट वर चढत जाते आणि दर दोन दिवसांनी जणू प्रदेशच बदलतो. ताल येथे दरी एकदम रुंदावते, चामेपासून पाइनची राने लागतात, आणि पिसांगच्या पुढे पाऊस अडवणाऱ्या शिखरांच्या आड गेल्यामुळे सारा मुलूख कोरडा, तपकिरी आणि विलक्षण उघडा होतो. आता या वाटेवर जीपही येते, थेट मनांगपर्यंत. त्यामुळे परिक्रमेची मौज गेली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. धुळीपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु ज्या गावात आजारी माणसाला पाच-सहा दिवस पाठुंगळी मारून खाली न्यावे लागत असे, त्या गावाला रस्ता नको होता असे पाहुण्याने म्हणू नये.

देवनागरीचा एक वेगळाच आनंद या वाटेवर मिळतो. पाट्या वाचता येतात, अर्ध्याअधिक शब्दांचा अर्थही लागतो आणि उरलेल्या अर्ध्यावर वाद घालता येतो. लमजुंग जिल्ह्यातला आमचा वाटाड्या आम्हांला ‘दाइ’ म्हणत असे आणि दर चढावर एकच शब्द उच्चारीत असे : ‘बिस्तारै.’ सावकाश. बडोदेकर या शब्दाला हसत असे आणि पुढे निघून जात असे.

हवा तीच, दाब निराळा

मनांग सुमारे ३,५४० मीटर उंचीवर आहे. थोरोंग ला ही पुढची खिंड ५,४१६ मीटरवर. परिक्रमा करणारा जवळजवळ प्रत्येकजण मनांगला किमान एक दिवस थांबतो, आणि हे थांबणे हौसेचे नसते. उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण सहज बोलून जातो; वस्तुतः हवेतील त्याचा वाटा तेथेही एकवीस टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. मनांगला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, थोरोंग लावर जेमतेम निम्मा. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो.

शरीर यावर पहिला उपाय करते तो श्वासाची गती वाढवण्याचा. पण वेगाने श्वास घेतल्यावर कर्बवायू अधिक बाहेर पडतो, रक्ताचे अम्लप्रमाण बिघडते आणि मेंदूच ‘पुरे’ म्हणून श्वासाला लगाम घालतो. हा पेच सोडवतात ती मूत्रपिंडे. ती रक्तातील जादा क्षार हळूहळू बाहेर टाकतात, आणि मगच श्वासाला पुन्हा मोकळीक मिळते. या कामास काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार होऊन उपयोगी पडण्यास तर काही आठवडे. म्हणजे आपण गच्चीवर पाय पसरून बसलेलो असतो तेव्हा आतली मंडळी कामावरच असतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांपेक्षा फारशी वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा दंडक आहे. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी : कसलेल्या शरीराला यात कोणतीही सवलत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि तोच अधिक सापडतो.

हे सारे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते इतकेच, की आज कपडे धुवायचे आहेत.

सकाळी ऊन आले तसे आम्ही धर्मशाळेच्या सपाट मातीच्या गच्चीवर गेलो. समोर गंगापूर्णा, ७,४५५ मीटर. तिच्या हिमनदीचे निळसर पाय थेट नदीपलीकडच्या तळ्यापर्यंत आलेले. डावीकडे अन्नपूर्णा तीन आणि चार. असल्या देखाव्यासमोर चार प्रौढ गृहस्थ मोजे पिळीत बसले होते. इंदूरकर सुईदोरा घेऊन सॅकचा उसवलेला पट्टा शिवीत होता. हुबळीकर पायाच्या फोडांना पट्ट्या लावीत होता. हुबळीकराच्या डोक्यात त्या दिवशी दुसरे काहीच नव्हते. उद्या आम्ही मुख्य वाट सोडून तिलिचो तळ्याकडे निघणार होतो. ४,९१९ मीटर उंचीवरचे ते तळे पाहावे म्हणूनच तो या प्रवासाला आला होता. त्याच्या कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली त्या तळ्याचे एका दिनदर्शिकेतून कापलेले चित्र पंधरा वर्षे होते, हे आम्हां सर्वांना माहीत होते. जायला-यायला तीन दिवस, आणि ते आमच्या वेळापत्रकात नीट बसवलेले होते.

बडोदेकर न्याहारीला आला नव्हता. ‘भूक नाही,’ म्हणाला. मी त्याचा सदरा धुवायला घेतला आणि खिशातून गोळ्यांची एक पट्टी निघाली. साध्या डोकेदुखीच्या गोळ्या. दहापैकी आठ संपलेल्या.

मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

तीन वाजताची शाळा

मनांगला ‘हिमालयन रेस्क्यू असोसिएशन’चे एक लहानसे उपचार केंद्र आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेची एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे येथे आणि इकडे मनांगला अशी दोन केंद्रे वसंत व शरद या दोन हंगामांत चालतात. स्वयंसेवक डॉक्टर तेथे येऊन राहतात. दुपारी त्यांचे एक व्याख्यान असते आणि वाटसरूंनी ते ऐकावे असा गावाचा अलिखित शिरस्ता आहे. आम्हीही गेलो. वेगवेगळ्या देशांतील तीस-चाळीस माणसे बाकांवर दाटीवाटीने बसली होती.

तरुण डॉक्टरीणबाईंनी एक एक लक्षण सांगितले. डोकेदुखी. अन्नावरची वासना जाणे. मळमळ. न उतरणारा थकवा. तुटक झोप. उंचावर ज्याला डोकेदुखी आहे आणि यांपैकी एखादे लक्षण आहे, त्याने दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत हा विरळ हवेचाच त्रास समजावा आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत एक मीटरही वर चढू नये. पुढची पायरी म्हणजे फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचणे. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. बाईंनी १४ ऑक्टोबर २०१४ ची आठवणही काढली. विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष त्या दिवशी या डोंगरांवर हिमवादळ होऊन कोसळले आणि थोरोंग लाच्या परिसरात व आसपासच्या भागात चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. त्या काळ्या दिवसाशी हवेच्या दाबाचा संबंध नाही, हे बाईंनी स्पष्ट केले. पण ठरलेल्या तारखेला खिंड ओलांडायचीच हा हट्ट दोन्हीकडे सारखाच घातक, असे त्यांचे म्हणणे होते.

मी बडोदेकराकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता. व्याख्यान संपल्यावर सगळे उठले, तो उठला नाही. मग मला म्हणाला, ‘‘तू सदरा धुतलास ना? मग तुला माहीतच आहे. चल माझ्याबरोबर आत.’’

डोके ङावलला मुक्काम केला त्या रात्रीपासून दुखत होते. पिसांगलाही थोडे दुखले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याला फरशीच्या रेषेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावीत, चालायला सांगितले. तोल गेला असता तर त्याच संध्याकाळी जीपने खाली जावे लागले असते. सांगलीच्या मैदानावर चारशे मीटरची शर्यत जिंकणारा हा माणूस दहा पावलांची रेषा ओठ घट्ट मिटून चालला. तोल गेला नाही. त्रास सौम्य आहे, असे बाई म्हणाल्या. औषध दिले, रात्री त्याला एकट्याला ठेवू नका, उद्या पुन्हा आणा, असे बजावले. तिलिचोचा प्रश्न आम्ही विचारला नाही. उत्तर समोर दिसत होते.

बुखारीभोवती

रात्री जेवणघरातल्या बुखारीभोवती बसलो तेव्हा प्रश्न निघालाच. बडोदेकर म्हणाला, ‘‘मी इथं थांबतो. तुम्ही तिघं जाऊन या. तीन दिवसांची तर गोष्ट आहे.’’

‘‘आणि रात्री तुला काही झालं तर?’’ इंदूरकराने विचारले.

‘‘वाटाड्याला ठेवा माझ्याजवळ.’’

‘‘मग आम्ही वाट कोणाला विचारायची?’’

हुबळीकर एवढा वेळ गप्प होता. तो एकदम म्हणाला, ‘‘दोन दिवस लपवलंस तू. पिसांगला बोलला असतास तर तिथंच एक दिवस काढला असता, आणि आज हा प्रश्नच आला नसता.’’ त्याचा आवाज चढला होता. ‘‘यादीत सगळं लिहिलं होतंस. सुईदोरासुद्धा. हे नव्हतं लिहिलं.’’

खरे सांगायचे तर त्याचे चुकले नव्हते. कोणीच काही बोलले नाही. बराच वेळ चुलीतली लाकडे तडतडत राहिली. मग बडोदेकर हळू आवाजात म्हणाला, ‘‘ती गेल्यापासून डोकं दुखतंय हे कुणाला सांगायची सवयच गेली रे. घरी सांगायला कुणी नसतं. गोळी घ्यायची आणि पडायचं.’’

त्याची पत्नी २०१७ साली गेली. आम्ही तिघेही त्या वेळी बडोद्याला जाऊन आलो होतो. मी सकाळच्या गाडीने पोहोचलो आणि रात्रीच्या गाडीने परतलो होतो.

त्या रात्री माझी खाट त्याच्या खाटेला लागून घेतली. उंचावर झोपेत श्वासाची लय अनेकांची बिघडते. श्वास भरभर होतात, मग उथळ होत होत थांबतात आणि काही क्षणांनी एक मोठा उसासा येऊन पुन्हा सुरू होतात. हे बहुधा निरुपद्रवी असते, असे व्याख्यानात ऐकले होते. ऐकणे वेगळे आणि अंधारात शेजारी पडून तो थांबलेला श्वास मोजणे वेगळे. मी आठपर्यंत, नऊपर्यंत, एकदा बारापर्यंत अंक मोजले. पलीकडच्या खाटेवरून हुबळीकराचा दबलेला आवाज आला, ‘‘आला का?’’ तोही मोजत होता.

सकाळी उठलो तर हुबळीकराची बांधून ठेवलेली सॅक उघडी होती आणि त्याचे कपडे खुंट्यांवर टांगलेले होते. याविषयी त्याने कसलेही भाषण केले नाही. ‘‘चहा सांगितलाय,’’ एवढेच म्हणाला.

फराळ आणि मेंढीकोट

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी होते, आणि त्यांत घडले म्हणावे असे फारच थोडे आहे.

बडोदेकर दहापर्यंत झोपला. उठला तेव्हा डोके होते, पण हलके होते. त्याने एक वाटी लसणाचे सूप आणि फापराची भाकरी खाल्ली. इंदूरकर म्हणाला की दिवाळी सहा दिवसांवर आहे, पण पाठीवरचे वजन आज कमी करणे वैद्यकीयदृष्ट्या इष्ट ठरेल. चारही डबे निघाले. आठ दिवसांच्या चालीने चकल्यांचा भुगा झाला होता. शंकरपाळे मात्र अभंग. इंदूरच्या शेवेचा मान पहिला. गच्चीवरच्या उन्हात चिवडा वाटला गेला. वाटाड्याला, धर्मशाळेच्या मालकिणीला, तिच्या नातवाला. मालकिणीला सगळे ‘दिदी’ म्हणत. तिला शंकरपाळे फार आवडले, आणि तिने बदल्यात याकच्या चीजचा एक कडक तुकडा दिला, जो आम्ही शिष्टाचार म्हणून दुपारभर चघळत होतो.

दिदी बऱ्यापैकी हिंदी बोलत असे. मनांगचे लोक, अर्थात न्येशांगवाले, जुने व्यापारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपाळच्या राजदरबाराकडून त्यांना व्यापारात खास सवलती मिळाल्या आणि या उजाड खोऱ्यातली माणसे कस्तुरी, औषधी मुळ्या, रत्ने घेऊन कोलकाता, रंगून, पुढे सिंगापूर-बँकॉकपर्यंत पोहोचली. एवढे भांडवल यायचे कोठून, असे मी विचारले. गटाचा खजिनदार मी असल्याने असले प्रश्न मला सुचतात. दिदीने ‘ढिकुर’ सांगितला. दहा-वीस घरांनी ठरावीक रक्कम ठरावीक काळाने एकत्र करायची आणि ती गोळा झालेली थैली आळीपाळीने एकेकाने उचलायची. इंदूरकर ओरडलाच, ‘‘अरे, ही तर भिशी!’’ पलीकडच्या ठाकखोल्यातील ठकाली व्यापाऱ्यांचा ढिकुर तर अभ्यासकांच्या लेखनात प्रसिद्ध आहे. लेखी करार नाही, तारण नाही. उचल घेऊन पुढचे हप्ते बुडवणारा माणूस त्या दरीत पुन्हा तोंड दाखवू शकत नाही, हेच तारण.

रोख रकमेचा विषय निघालाच आहे तर प्रवाशांसाठी दोन वाक्ये. भारतीय रुपया आणि नेपाळी रुपया यांचा विनिमय दर १९९३ पासून शंभरास एकशे साठ असा ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. २०१९ साली मात्र शंभराहून मोठ्या भारतीय नोटा नेपाळात चालत नव्हत्या आणि आम्हांला पुरेशी नेपाळी रोकड खालीच घ्यावी लागली होती. मार्च २०२४ पासून नेपाळातील अनेक दुकानांत आपले यूपीआय चालू झाले आहे. पण वीज आणि जोडणी यांच्या भरवशावर डोंगरात जाऊ नये, रोकड जवळ असावी. शिवाय एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींसाठी वाटाड्या बरोबर असण्याचा नियम नेपाळने केला आहे. आमच्या वेळी तो नव्हता. तरीही आम्ही वाटाड्या घेतला होता आणि त्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

दुपारी पत्ते निघाले. मेंढीकोट. वसतिगृहात बडोदेकर आणि हुबळीकर नेहमी एका बाजूस असत, आणि कोणीही न ठरवता दोघे समोरासमोर बसले. खेळता खेळता बोलणे सुरू झाले आणि मग पत्ते हातातच राहिले. इंदूरकराने सांगितले की मुलाच्या धंद्यासाठी त्याने राहते घर गहाण ठेवले होते आणि दोन वर्षे नीट झोपला नव्हता. हुबळीकराच्या आईला आता कोणी ओळखू येत नाही. ती त्याच्याशी तिच्या माहेरच्या गावातल्या कोणा शिक्षकाशी बोलावे तशी अदबीने बोलते, आणि तोही ‘होय बाई’ म्हणून उत्तरे देतो. मीही एक गोष्ट सांगितली, जी येथे लिहिणार नाही. चालताना माणसे बोलतात असे म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. चढावर दम राखायचा असतो, उतारावर गुडघे सांभाळायचे असतात, आणि वाट अरुंद असल्याने पुढच्याची पाठच दिसते. तोंडे समोरासमोर येतात ती थांबल्यावर.

तिसऱ्या दिवशी, २२ तारखेला, मी आणि इंदूरकर गावामागच्या प्राकेन गुंफेपर्यंत चढून आलो. दिवसा उंच जावे, रात्री खाली झोपावे, हा येथला दुसरा दंडक. बडोदेकराची डोकेदुखी आदल्या संध्याकाळपासून गोळीविना थांबली होती. त्याला हुबळीकर लाकडी पुलावरून नदीपलीकडे गंगापूर्णेच्या तळ्याकाठी घेऊन गेला. वरून आम्हांला ते दोघे दिसत होते. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने त्या पाण्याला दुधाळ हिरवा रंग येतो. त्या रंगाच्या कडेला दोन लाल ठिपके. इंदूरकर बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, ‘‘हुबळीकरानं शेवटी तळं पाहिलंच म्हणायचं.’’ ते ऐकून मला हसू आले नाही.

याच गावात १९५० च्या वसंतात मॉरिस हर्झॉग आणि त्यांचे फ्रेंच सोबती आले होते. अन्नपूर्णेकडे जाणारी वाट त्यांना सापडत नव्हती. तिलिचोच्या गोठलेल्या तळ्यावरून ते या बाजूस उतरले, तेव्हा जवळचा शिधा संपत आलेला आणि मनांगला त्यांना पुरेसे धान्य मिळेना. उपाशीपोटीच परतावे लागले. पुढे ३ जून रोजी हर्झॉग आणि लाशनाल अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरहून उंच शिखरावर माणसाने ठेवलेले ते पहिले पाऊल. परतताना हर्झॉग यांनी हाताची व पायाची बोटे गमावली. १९७७ साली हे खोरे परदेशी प्रवाशांस खुले झाले, आणि आज त्याच गल्लीत सफरचंदाचे पाय आणि दालचिनीचे पाव भाजणाऱ्या बेकऱ्या आहेत. आम्ही संध्याकाळी तेथून चार पाव आणले. हुबळीकराने स्वतःचा अर्धा बडोदेकरास दिला आणि बडोदेकराने तो खाल्ला. भूक परत आली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा रेषेवरून चालवले आणि हसून, सावकाश जा, म्हणाल्या. ‘‘बिस्तारै,’’ बडोदेकर म्हणाला.

२३ तारखेला सॅक पाठीवर चढल्या. वाचलेले दिवस आम्ही वाटेवरच खर्च केले : याक खर्क, मग मुद्दाम आखूड मजल करून लेदर, मग थोरोंग फेदी. आता बडोदेकर सर्वांत मागे चालत असे आणि दर तासाला, न विचारता, स्वतःहून सांगत असे, ‘‘डोकं ठीक आहे.’’ दुसऱ्या दिवशी तो तेच पुन्हा पुन्हा सांगू लागला तेव्हा इंदूरकराने ‘‘आता पुरे’’ म्हणून हात जोडले. २६ तारखेला पहाटे चारला बॅटऱ्यांच्या उजेडात निघालो. खिंडीविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फार नाही. थंडी होती, वारा होता, पताका होत्या, पंधरा पावलांनंतर थांबावे लागत होते. माथ्यावर चौघांचे एक छायाचित्र आहे. त्यात कोणाचाच चेहरा ओळखू येत नाही. मग सोळाशे मीटरांचा उतार, आणि संध्याकाळी मुक्तिनाथखालचे राणीपौवा गाव.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. बडोदेकराने आम्हांला अंधारात उठवले. मुक्तिनाथच्या विष्णुमंदिरामागे अर्धवर्तुळात एकशे आठ धारा आहेत, गोमुखांतून पडणाऱ्या. पाणी थेट बर्फाचे. त्याने सॅकच्या तळातून कागदाची एक लहान पुडी काढली. उटणे. यादीत ते नव्हते. ‘‘घरात ही दर वर्षी आणून ठेवायची,’’ तो म्हणाला, ‘‘मागच्या दोन दिवाळ्यांना मी काढलंच नाही.’’ आमच्या मनगटांना त्याने शकुनापुरती एक एक चिमूट लावली. मग हुबळीकराने सदरा काढला, मोठ्याने सांगलीची एक अर्वाच्य शिवी हासडली, आणि चौघे धारांखालून धावत सुटलो.